सांगणारं वाक्य आणि पटवणारं वाक्य: फरक कसा ओळखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला मराठी मजकुरातली वाचकाला पटवू पाहणारी वाक्यं संगणकाकडून ओळखून घ्यायची आहेत. तिने जाहिराती, पत्रकं आणि बातम्या चाळून सुमारे तीनशे शब्दांची यादी केली: अभूतपूर्व, खात्रीशीर, ऐतिहासिक, घातक, फक्त, अवघ्या, असे. यादीतला शब्द सापडला की त्या वाक्यावर खूण. मार्गदर्शकांनी तपासलं तेव्हा खूण केलेली जवळपास निम्मी वाक्यं साधी निघाली, आणि खरोखर पटवणारी कितीतरी वाक्यं खुणेविना सुटून गेली. ती विचारते, "यादी आणखी वाढवू का? आणि मुळात माणूस तरी हे कशावरून ओळखतो?"

मी वीसएक वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. आलेली प्रत वाचायची, जादा शब्द काढायचे, मथळा द्यायचा, हे रोजचं काम. गेली काही वर्षं मराठी मजकुरावर अशाच खुणा करणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: यादी वाढवू नका. हजार शब्द केलेत तरी हेच होईल. दुसरा प्रश्न खरा आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

तुम्ही पटवणं शब्दात शोधताय. ते शब्दात नसतं, वाक्याच्या कामात असतं. एकच वाक्य एका ठिकाणी माहिती देतं आणि दुसऱ्या ठिकाणी पटवतं. "या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं" हे भूजलाच्या पाहणी अहवालात आलं तर नोंद आहे, शेत विकणाऱ्याच्या तोंडी आलं तर किंमत वाढवण्याचं काम करतंय. शब्द तेच, कानामात्रेचाही फरक नाही. मग यादीला काय कळणार?

गंमत म्हणजे हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसकांनी, म्हणजे वेदांचा अर्थ कसा लावायचा याचे नियम ठरवणाऱ्या जुन्या पंडितांनी, वेदवाक्यांची वर्गवारी करताना विधी आणि अर्थवाद असा भेद केला. "ऐश्वर्य हवं असेल त्याने वायुदेवतेसाठी श्वेत पशूचा याग करावा" हा विधी, म्हणजे काय करायचं ते सांगणारं वाक्य. त्याला जोडूनच येतं, "वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे." हे वरवर पाहता निव्वळ माहितीचं वाक्य आहे. पण मीमांसक विचारतात, ही माहिती इथे कशासाठी? आणि त्यांचं उत्तर असं की हिचं काम ऐकणाऱ्याला त्या यागाकडे ओढण्याचं आहे. देवता वेगवान, म्हणजे फळही लवकर. हा अर्थवाद. करायच्या गोष्टीची स्तुती किंवा टाळायच्या गोष्टीची निंदा.

पुढे त्यांनी अर्थवादाचे तीन प्रकार केले, आणि आपल्या कामासाठी खरा ऐवज तिथे आहे. "यज्ञाचा खांब हा सूर्य आहे" हे अनुभवाशी जुळत नाही, म्हणून ते अलंकारिक घ्यायचं, तो गुणवाद. "अग्नी हे थंडीवरचं औषध" ही सगळ्यांना आधीच ठाऊक असलेली खरी गोष्ट, फक्त पुन्हा म्हटलेली, तो अनुवाद. आणि अनुभवाच्या विरुद्धही नाही, आधी ठाऊकही नाही, अशी घडून गेलेली गोष्ट सांगणारा तो भूतार्थवाद. म्हणजे तीनपैकी फक्त एक प्रकार शब्दशः घेता येत नाही. बाकीच्या दोन प्रकारांत वाक्य खोटं नसतं, तरीही ते पटवण्याचंच काम करत असतं. नव्याने खुणा करायला बसलेली मुलं नेमकी इथेच अडखळतात. "पण सर, हे तर खरंय ना?" हो, खरं आहे. आपण खरंखोटं तपासत नाही आहोत. तो वेगळा विभाग. आपण वाक्याची नेमणूक कुठल्या कामावर झाली आहे ते पाहतोय.

म्हणून माझ्या पद्धतीतली पहिली पायरी अशी: मजकूर हातात आला की एकाही शब्दावर खूण करण्याआधी त्याचा विधी शोधून एका ओळीत वर लिहा. हा मजकूर वाचून झाल्यावर वाचकाने काय करावं, काय मानावं किंवा कोणाला टाळावं, असं लिहिणाऱ्याला वाटतं? विधी सापडला की बाकीचं प्रत्येक वाक्य त्याच्याशी ताडून बघता येतं. विधीच सापडला नाही, तर बहुधा तो मजकूर खरोखरच नुसता सांगणारा आहे: रेल्वेचं वेळापत्रक, पावसाची आकडेवारी.

एक नमुना घेऊ. शहराबाहेरच्या प्लॉटिंगची अनेक पत्रकं माझ्याकडे जमली आहेत, त्यांतल्या वाक्यांच्या धाटणीवरून हे मीच जुळवलं आहे:

"शहरापासून अवघ्या २५ मिनिटांवर, नियोजित रिंग रोडला लागून. एनए प्रक्रिया सुरू. सातबारा स्वच्छ. जमीन वाढत नाही, माणसं वाढतात. ४० पैकी फक्त ६ प्लॉट शिल्लक. मुलांच्या उद्याचा विचार करणारे पालक आजच निर्णय घेतात. आपल्या माणसांसाठी आपला प्रकल्प."

तुमच्या यादीला यात दोन शब्द सापडतील, अवघ्या आणि फक्त. आता विधी लिहू: टोकन भरून प्लॉट बुक करा. बघा, हे वाक्य पत्रकात कुठेच नाही. विधी उघड लिहिलेला असतो तेव्हा वाचक सावध असतो. तो गिळून टाकला की उरलेली सगळी वाक्यं माहितीसारखी दिसायला लागतात.

"२५ मिनिटांवर" हे अंतर किलोमीटरमध्ये का दिलेलं नाही? कारण किलोमीटर मोजता येतात. मिनिटं पहाटे पाचची की संध्याकाळी सातची, हे कोणी सांगत नाही. "नियोजित" हा शब्द खरा असू शकतो, पण आखणी कागदावर असणं, भूसंपादन होणं आणि डांबर पडणं यांत वर्षानुवर्षांचं अंतर असतं, आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर येतो तो डांबरी रस्ता. "एनए प्रक्रिया सुरू" म्हणजे एनए झालेलं नाही. एवढ्या तीन शब्दांत सांगता आलं असतं. ते उलट्या बाजूने, चालू कामाच्या भाषेत सांगितलंय. "सातबारा स्वच्छ" हा निष्कर्ष आहे, माहिती नव्हे. माहिती म्हणजे गट क्रमांक. तो दिला असता तर उतारा काढून 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा किंवा कुळाचं नाव आहे का, हे वाचकाने स्वतः पाहिलं असतं. माहितीच्या जागी निष्कर्ष ठेवणं ही पटवणाऱ्या मजकुराची फार पक्की खूण आहे, आणि तिला विशेषण लागत नाही.

"जमीन वाढत नाही, माणसं वाढतात." मीमांसकांचा अनुवाद तो हाच. कोणालाही नाकारता येणार नाही असं वाक्य. पण ते काढून टाकलं तर तुमच्या ज्ञानात कणभर तरी घट होते का? होत नाही. घट होते ती मनाच्या ओढीत. ही माझी दुसरी कसोटी: वाक्य काढून बघा आणि काय कमी झालं ते विचारा, ज्ञान की ओढ.

आता सगळ्यात जोरकस वाक्याकडे येऊ. "मुलांच्या उद्याचा विचार करणारे पालक आजच निर्णय घेतात." यात विशेषण नाही, आकडा नाही, भडक शब्द नाही. तुमची यादी याला हातही लावणार नाही. पण हे वाक्य उलटून बघा: "जे पालक आज निर्णय घेत नाहीत, ते मुलांच्या उद्याचा विचार करत नाहीत." असं कोणी छापेल का? छापलं तर वाचक पत्रक फाडून टाकेल. तरीही मूळ वाक्य वाचताना वाचकाच्या मनाला बोचतं ते हेच. उलटून बघणं ही तिसरी कसोटी, आणि गृहीत धरून आत सरकवलेला दावा बाहेर काढायला मला तरी याहून चांगलं साधन सापडलेलं नाही.

चौथी गोष्ट म्हणजे मजकुरात काय नाही ते बघणं. हे पत्रक चाळीस प्लॉटचं आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ सालचा. त्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त प्लॉट किंवा घरं असतील, तर नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. आपल्याकडे तो महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा. या पत्रकात तो क्रमांक नाही. पत्रकातल्या सगळ्या शब्दांपेक्षा ही रिकामी जागा जास्त बोलते. पण ती दिसण्यासाठी त्या प्रकारच्या मजकुरात काय असायला हवं हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि म्हणूनच हे काम निव्वळ भाषेच्या जोरावर होत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं, आणि प्रत्येक मजकुराला एकच गज लावता येत नाही. श्रद्धांजलीच्या लेखात "कधीही भरून न निघणारी पोकळी" येतेच. तुमची यादी तिथे धावत जाऊन खूण करेल. पण तिथे कोणी कोणाला काही पटवत नसतं. तो रिवाज आहे, लग्नपत्रिकेतल्या "उपस्थिती प्रार्थनीय" सारखा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या "कार्यसम्राट" चंही तसंच. तो शब्द वाचून कोणाचं मत बदलत नाही. त्या फ्लेक्सचं खरं काम खालच्या रांगेतले शुभेच्छुकांचे फोटो करतात: कोण कोणाबरोबर उभं आहे, ते. याच्या उलट, "पाणी उकळून प्या, गावात काविळीचे रुग्ण आढळले आहेत" ही ग्रामपंचायतीची सूचना शंभर टक्के पटवणारी आहे. विधी उघड, कारण उघड. पटवणं म्हणजे फसवणं नव्हे, हे तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहा. अग्रलेख पटवण्यासाठीच असतो. १८९७ साली 'केसरी'त "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" हा मथळा छापला गेला, त्यातला प्रत्येक शब्द रोजच्या वापरातला आहे. सरकार, डोके, ठिकाण. रूप प्रश्नाचं, पण उत्तराची अपेक्षा शून्य. इतका स्फोटक मथळा आणि तुमच्या यादीतला एकही शब्द त्यात नाही.

आता मराठीच्या पोटातल्या काही खुणा. परभाषेतल्या पाठ्यपुस्तकांत या मराठी रूपात सापडणार नाहीत, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली म्हणजे "च". "आज निर्णय घ्या" आणि "आजच निर्णय घ्या", "कारण हे" आणि "कारण हेच". एका अक्षराने बाकीचे सगळे पर्याय दाराबाहेर काढले. मराठी मजकुरात मी सगळ्यात आधी ज्याच्यावर नजर ठेवतो ते हे अक्षर. पण ते शब्दाला चिकटून येतं, त्यामुळे तुमची शब्दयादी त्याला ओळखत नाही. ते सोडवून घ्यावं लागेल, आणि सोडवताना काच, लाच, पेच, टाच, पाच हे शब्द कापले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागेल. "लगेच" मधला च आता शब्दातच मुरला आहे, त्याला मोजू नका. "तर", "सुद्धा", "देखील" यांनाही असंच बघा. "प्राध्यापकसुद्धा या योजनेत आहेत" यातला सुद्धा सांगून जातो की हुशार माणसाने शंका घेतली नाही, मग तुम्ही कोण?

दुसरी, आपण आणि आम्ही. आपल्या भाषेने ही सोय करून ठेवली आहे: आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर, आपण म्हटलं की आत. "आम्ही गावाला पाणी देऊ" म्हणणारा उमेदवार आणि "आपण गावाला पाणी आणू" म्हणणारा उमेदवार एकच आश्वासन देतात, पण दुसऱ्याने ऐकणाऱ्याला न विचारता आपल्या बाजूला उभं केलं. आमच्या नमुन्यातलं "आपल्या माणसांसाठी आपला प्रकल्प" हेच करतं. प्रकल्प कुणाचा? बिल्डरचा. पण इथेही सरसकट खूण नको. "आपणांस कळविण्यात येते की" यातलं आपण हे सरकारी आदराचं आहे, त्यात कोणी कोणाला जवळ घेत नाही.

तिसरी खूण बातमीतली, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. दुसऱ्याचं म्हणणं देताना वापरलेलं क्रियापद. "धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, असं अभियंत्यांनी सांगितलं." आता शेवटचा शब्द बदलत जा. "असा दावा केला": बातमीदाराने अंग काढून घेतलं, वाचकाला शंका आली. "असं कबूल केलं": म्हणजे गोष्ट खरी होती आणि अभियंते ती लपवत होते. "असं निदर्शनास आणून दिलं": गोष्ट खरी, शिवाय श्रेय अभियंत्यांचं. अभियंत्यांच्या तोंडचा एकही शब्द बदललेला नाही. मला डेस्कवर शिकवणारे ज्येष्ठ सहकारी प्रत्येक प्रतीतलं "अखेर कबूल केले" खोडून "सांगितले" लिहायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अखेर म्हणजे केव्हापासून? तू तिथे होतास का?" तेव्हापासून "अखेर" दिसला की माझा हात थांबतो.

चौथी, एकेरी आणि आदरार्थी. गावातल्या चोरीच्या संशयितासाठी "तो पळाला, त्याला पकडले" आणि पतसंस्थेच्या ठेवी बुडवल्याचा आरोप असलेल्या संचालकासाठी "त्यांना ताब्यात घेतले असता त्यांच्या छातीत दुखू लागले". दोघंही आरोपीच, दोघांचाही गुन्हा सिद्ध व्हायचाय. क्रियापदाच्या रूपानेच एकाचा निकाल लावून टाकला. हा भेदभाव कोणी ठरवून करत असेल असं नाही. तो हातवळणीचा झालाय, आणि म्हणूनच जास्त त्रास देतो.

पाचवी, कर्ता नाहीसा करणारी क्रियापदं. मराठीत पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, मरणे-मारणे अशा जोड्या आहेत. "रस्ता रुंदीकरणात झाडं गेली." झाडं स्वतःहून कुठे गेली? अशा ठिकाणी "तोडली" सारखं जोडीतलं दुसरं क्रियापद घालून वाक्य म्हणून बघायचं. लगेच प्रश्न उभा राहतो: कोणी?

आतापर्यंत जे सांगितलं ते एका दमात म्हणायचं तर: विधी लिहा, मग वाक्य काढून बघा, उलटून बघा, जे नाही ते बघा, आणि च, आपण, सांगण्याचं क्रियापद, मानाचं रूप व हरवलेला कर्ता यांच्यावर लक्ष ठेवा.

एवढं करूनही एक जागा आंधळी राहते. ती मला जशी कळली तशी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी शहराच्या पानावर होतो. संध्याकाळी पालिकेची प्रेस नोट आली, नाल्याकाठच्या कारवाईची. मी ती नीट वाचली, दोन विशेषणं काढली, "धडक कारवाई" मधला धडक काढला आणि मथळा दिला, "नाल्यालगतची अतिक्रमणे हटवली". माझ्या मते बातमी स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई ऑफिसात आल्या. हातात दुधाची रिकामी पिशवी, तिच्यात घडी करून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या. त्यांनी पावत्या माझ्या टेबलावर एकेक करून मांडल्या आणि म्हणाल्या, "आमचं घर पाडलं, ते लिहा ना. अतिक्रमणात कोणी राहतं का?"

ती घरं कायदेशीर होती की नव्हती हा प्रश्न वेगळा होता, आणि तो माझ्या मथळ्याने सुटणार नव्हता. पण "अतिक्रमणे हटवली" असं लिहून मी तो पालिकेच्या बाजूने सोडवून टाकला होता. घर हा शब्द गेला, पाडणं हे क्रियापद गेलं, माणसं गेली. आणि मला ते दिसलं नाही, कारण तो शब्द माझ्या टेबलावर रोज यायचा. रोज येणारा शब्द कोणाच्या तरी बाजूचा असू शकतो, हे तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी दुसरी बातमी केली, मथळ्यात "घरं पाडली" लिहिलं आणि पालिकेचं म्हणणं तिच्या पोटात दिलं. पहिली बातमी मात्र छापून झालेली होती.

तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. खुणा करणारे सगळे एकाच कॉलेजातले, एकाच वस्तीतले, एकसारखी वर्तमानपत्रं वाचून वाढलेले असतील, तर त्या सगळ्यांना एकच गोष्ट दिसणार नाही, आणि त्यांचं आपसातलं एकमत उत्तम येईल. म्हणून माझा आग्रह असतो की निदान एक जण वेगळ्या जगातला हवा. आमच्या गटात एक निवृत्त तलाठी आहेत. भाषाशास्त्राचा गंध नाही, पण सरकारी कागदात कुठल्या शब्दाआड काय दडतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

एकमताचा विषय निघालाच आहे तर हिशेबाची एक चूक आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेक प्रकल्प अहवालांत ती असते. समजा १०० वाक्यांवर दोघांनी स्वतंत्रपणे खुणा केल्या आणि दोघांनीही साधारण १० वाक्यं पटवणारी ठरवली. दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ८२ टक्के वाक्यांवर त्यांचं जुळलंच असतं. त्यामुळे "आमचं ९० टक्के एकमत आहे" या वाक्याला फारसा अर्थ नाही. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा हा आकडा योगायोगाचा भाग वजा करतो: (०.९० वजा ०.८२) भागिले (१ वजा ०.८२), उत्तर सुमारे ०.४४. हे मध्यम आहे, मिरवण्यासारखं नाही. आणि कप्पा कमी आला म्हणून खचून जाऊ नका. ज्या वाक्यांवर दोघांचं जुळलं नाही ती वेगळी काढा, दोघांना समोरासमोर बसवा आणि "तू खूण का केलीस" एवढंच विचारू द्या. आमच्याकडचे सगळे चांगले नियम त्या भांडणांतून निघाले आहेत.

तयार याद्या आणि प्रकार वापरावेत का, हेही तुमच्या मनात असेल. जरूर बघा. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली होती, तिने सात युक्त्या सांगितल्या: नावं ठेवणं, गोंडस मोघम शब्द, एकाची पुण्याई दुसऱ्याला लावणं, नामवंतांची साक्ष, "मी तुमच्यातलाच साधा माणूस", सोयीचेच पुरावे मांडणं आणि "सगळे निघालेत, तुम्हीही चला". आजही आपल्याकडच्या कुठल्याही निवडणूक पत्रकात सातही सापडतात. अलीकडे संगणकाच्या स्पर्धांसाठी याच याद्या लांबल्या. सेमएव्हल या स्पर्धेत २०२० मध्ये बातम्यांतल्या १४ युक्त्या शोधायच्या होत्या, २०२३ मध्ये २३ झाल्या आणि भाषा नऊ. त्या नऊंत एकही भारतीय भाषा नव्हती. त्यामुळे तिथले प्रकार घ्या, पण वर सांगितलेल्या मराठी खुणा त्यांत तुम्हालाच भराव्या लागतील. पहिल्या फेरीत २३ प्रकार मुलांच्या हातात देऊ नका, गोंधळ होतो. आधी एकच प्रश्न, हे वाक्य विधीकडे ओढतंय का? हो, नाही, खात्री नाही. तिसरा पर्याय ठेवाच. युक्तीचं नाव दुसऱ्या फेरीत.

मॉडेलसाठी पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाचं महाबर्ट, म्हणजे मराठी मजकुरावर शिकवलेलं भाषेचं मॉडेल, आहे, त्यावर सुरुवात करा. त्यांचाच महासेंट हा सुमारे १६,००० ट्विटचा संच भावना ओळखण्यासाठी आहे. तो पटवण्याचा संच म्हणून वापरायचा मोह होईल, पण वापरू नका. श्रद्धांजली दुःखी असते, पटवत नाही. आपलं प्लॉटचं पत्रक अगदी प्रसन्न आहे आणि पूर्ण वेळ पटवतंय. मॉडेलला एकटं वाक्यही देऊ नका. मजकुराचा प्रकार, कोणी कोणासाठी लिहिलं, आणि मागचंपुढचं एकेक वाक्य सोबत द्या.

एक मर्यादा मात्र कितीही चांगलं मॉडेल असलं तरी राहील. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा विषय गाजला, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. त्यातली भाषा बहुतेकदा साधी वार्तांकनाची होती. प्रकार उघड झाला तो दोन स्पर्धक वर्तमानपत्रं शेजारी ठेवल्यावर: शब्द न् शब्द तोच मजकूर, दोन वेगळ्या ठिकाणी, बातमी म्हणून. एकट्या मजकुरात पकडण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या प्रकल्पात वेळ उरला तर एकाच दिवसाच्या, एकाच घटनेच्या तीन वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी लावून बघणारा एक भाग जोडा. माझ्या अनुभवात, नवख्या वाचकाचे डोळे इतक्या लवकर दुसऱ्या कशानेही उघडत नाहीत.

तुमची तीनशे शब्दांची यादी फेकू नका. "इथे थांबून बघ" असं सांगायला ती चांगली आहे, फक्त निकाल तिच्याकडून घेऊ नका. सुरुवातीला पन्नास मजकूर घ्या, त्यांत पत्रकं, अग्रलेख, बातम्या, सरकारी सूचना आणि पाच-सहा श्रद्धांजल्या असू द्या. तुम्ही आणि तुमची जोडीदार दोघींनी वेगवेगळं बसून प्रत्येकाच्या माथ्यावर फक्त विधी लिहा, दुसरी कुठलीच खूण नको. मग कागद शेजारी ठेवा. ज्या मजकुरांवर दोघींनी वेगळा विधी लिहिला असेल ते मला पाठवा, आपण त्यांच्यापासून सुरुवात करू.